दर फेरीला एक ठिणगी

महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना टू-स्ट्रोक इंजिन माहीत झाले ते स्कूटर आणि मोपेडमुळे. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून बजाज चेतक बाहेर पडली, त्याच वर्षी कायनेटिकची लुना आली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घेणे, प्लग काढून घासणे, सायलेन्सरमधला कार्बन झाडणे ही कामे घरोघरी सवयीची झाली. पण चेतक आणि लुना रस्त्यांवर आल्या तेव्हा या इंजिनाचे वय ऐंशी वर्षांचे होते, आणि त्यातली बरीच वर्षे त्याने एका जागी बोल्टने जखडलेल्या अवस्थेत काढली होती. त्याने पाणी उपसले, चारा कापला, दुधातली साय वेगळी केली, तेलविहिरींचे पंप हलवले आणि लाखो घरांतले कपडे धुतले.

अशी जुनी, जागेवर चालणारी इंजिने शोधून काढायची, खोलायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा कामाला लावायची, हा ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात हजारो लोकांनी जिवापाड जपलेला छंद आहे. त्यातही टू-स्ट्रोक इंजिनांच्या वाट्याला फसवी कीर्ती आली आहे. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, हलणारे मुख्य भाग तीनच, म्हणून दुरुस्तीला सोपे, असे नवखा संग्राहक समजतो. प्रत्यक्षात इंजिनातले भाग कमी केले म्हणून काम कमी होत नाही. ते उरलेल्या भागांच्या अंगावर पडते. कोणत्या भागावर कोणते जादा काम पडले आहे हे ज्याला कळले, त्यालाच हे इंजिन चालू करता येते.

बाथमधला कारखानदार

निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाचे फोर-स्ट्रोक इंजिन १८७६ साली चालू झाले. त्यात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. म्हणजे एक फेरी काम करण्यात जाते आणि एक फेरी जळका वायू बाहेर टाकून नवे मिश्रण ओढण्यात. ही दुसरी फेरी वाचवता आली तर तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त शक्ती मिळेल, हे अनेकांच्या लक्षात आले. स्कॉटलंडच्या डूगल्ड क्लार्कने १८८१ साली त्यासाठी पेटंट घेतले. त्याच्या इंजिनात मुख्य सिलिंडरला नवे मिश्रण पुरवण्यासाठी शेजारी दुसरा पंप-सिलिंडर होता. फेरी वाचली, पण सिलिंडर वाढला.

पुढचे पाऊल टाकले जोसेफ डे या इंग्लिश कारखानदाराने. १८५५ साली जन्मलेल्या डेचा बाथ शहरात ओतकामाचा कारखाना होता. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या पोटाखालची हवा दाबली जातेच, मग वेगळा पंप कशाला, असा विचार त्याने केला. क्रँक फिरते ती पेटी चहूबाजूंनी बंद केली की तीच पंप होते. १८९१ साली त्याने याचे पेटंट घेतले. मिश्रण उलटे जाऊ नये म्हणून त्या रचनेत झडपा होत्या. १८९२ साली फ्रेडरिक कॉक या त्याच्याच कामगाराने पिस्टनच्या कडेनेच आत येण्याचे भोक उघडझाप करण्याची युक्ती काढली आणि झडपांची गरज संपवली. पुढे जगभरच्या स्कूटरी, चेनसॉ आणि होड्यांची इंजिने ज्या रचनेवर चालली ती हीच. स्वतः डेने मात्र कमावलेले पैसे नॉरफोक परगण्यात खनिज तेल शोधण्याच्या नादात गमावले. १९४६ साली तो वारला तेव्हा त्याचे नाव बहुतेकांच्या विस्मरणात गेले होते.

पिस्टनची पाच कामे

या इंजिनाची एक फेरी सावकाश पाहू. पिस्टन वर जाताना डोक्यावरचे मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या क्रँकपेटीत पोकळी निर्माण होऊन कार्ब्युरेटरमधून नवे मिश्रण आत ओढले जाते. ठिणगी पडते, पिस्टन खाली ढकलला जातो. खाली येताना तो आधी धूर बाहेर जाण्याचे भोक उघडतो आणि लगेच क्रँकपेटीतून येणाऱ्या मार्गाचे. पेटीत दाबले गेलेले मिश्रण त्या मार्गाने वर येते आणि उरलासुरला धूर बाहेर रेटते. मग पिस्टन वर निघतो आणि पुढची फेरी सुरू होते.

म्हणजे एकटा पिस्टन शक्ती घेतो, मिश्रण दाबतो, पंप चालवतो आणि तीन भोकांचे दरवाजे सांभाळतो. जुन्या इंजिनांत पाचवे कामही त्याच्याकडे असते. त्याच्या माथ्यावर एक उंचवटा ओतलेला असतो. आत येणारे मिश्रण समोरच्या भोकातून सरळ बाहेर निसटू नये म्हणून हा उंचवटा त्याला वर वळवतो. उंचवट्याची उभी बाजू मिश्रण येण्याच्या भोकाकडे आणि उतरती बाजू धुराच्या भोकाकडे हवी. खोललेल्या इंजिनात कोणी पिस्टन उलटा बसवला, तर ठिणगी उत्तम असूनही ते धड चालत नाही.

क्रँकपेटी पंप असल्यामुळे एरवी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींना या इंजिनात महत्त्व येते. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचा बुश थोडा झिजला तर आवाज येतो, तेल गळते, पण इंजिन चालत राहते. टू-स्ट्रोकमध्ये त्याच झिजेतून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन सुरूच होत नाही. जुन्या काळी रबरी सील नव्हते. लांब पितळी किंवा गनमेटलचे बुश आणि त्यांतला तेल-ग्रीसचा पातळ थर एवढ्यावरच ही बंद पेटी अवलंबून असे.

व्हॉल्व्ह नसल्याचा आणखी एक परिणाम होतो. भोकांची मांडणी दोन्ही दिशांना सारखीच असल्याने इंजिन उलटेही फिरू शकते. दिशा ठरते ती ठिणगीच्या वेळेवरून. छोट्या होड्यांचे नाविक याचा उपयोग करून घेत. ठिणगी तोडायची, इंजिन थांबत आले की पिस्टन वर पोहोचण्याच्या जरा आधी पुन्हा जोडायची, की होडी मागे निघे.

आयोवातल्या घरांमधले इंजिन

संग्राहकांमध्ये सर्वांत जास्त हाताळले जाणारे टू-स्ट्रोक इंजिन बहुधा मेटॅग कंपनीचे असेल. फ्रेडरिक मेटॅग याने १८९३ साली भागीदारांसह आयोवा राज्यातल्या न्यूटन गावी शेतीची अवजारे करणारी कंपनी काढली. १९०७ साली तिने कपडे धुण्याचे यंत्र बाजारात आणले. अडचण अशी होती की ते हाताने न फिरवता चालवायचे तर वीज हवी आणि गिऱ्हाईक तर शेतावर राहणारे. १९३० च्या दशकाच्या मध्यावरही अमेरिकेतल्या दर दहा शेतांपैकी सुमारे नऊ शेतांवर वीज नव्हती. ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी यंत्रणा उभी राहिली तीच १९३५ साली.

मेटॅगने धुण्याच्या यंत्राखाली बसेल असे पेट्रोलवर चालणारे छोटे टू-स्ट्रोक इंजिन बनवले आणि त्याला ‘मल्टी-मोटर’ नाव दिले. पायाने किक मारून ते सुरू करता येई, म्हणजे घरातल्या बाईला ते चालू करण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नसे. धूर बाहेर नेण्यासाठी धातूची लवचीक नळी दारातून किंवा खिडकीतून बाहेर सोडत. इंजिनाचे बूड हीच पेट्रोलची टाकी होती. एका सिलिंडरचे ‘मॉडेल ९२’ आणि १९३७ नंतरचे समोरासमोर दोन सिलिंडर असलेले ‘मॉडेल ७२’ ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध.

शेतावर वीज पोहोचली तेव्हा या इंजिनांचे मूळ काम संपले. त्यांची शक्ती एका अश्वशक्तीच्याही आत होती, पण ती फेकली गेली नाहीत. मुलांनी ती घरी बनवलेल्या गाड्यांना लावली, मोठ्यांनी सहाणेला आणि पंपाला. आज एखादे मॉडेल ९२ हाती येते तेव्हा त्यावर या दुसऱ्या आयुष्याच्या खुणा दिसतात. नवी भोके पाडलेली, किकचा पेडल कापलेला, पुली बदललेली. या खुणा पुसायच्या की ठेवायच्या, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

मोठी भावंडे

दुसऱ्या टोकाला पेनसिल्व्हेनियाच्या तेलक्षेत्रातली इंजिने आहेत. १८५९ साली टायटसव्हिल येथे एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागले आणि त्या डोंगराळ भागात विहिरींचे जाळे उभे राहिले. सुरुवातीला पंप वाफेवर चालत. नंतर विहिरीतूनच निघणाऱ्या नैसर्गिक वायूवर इंजिन चालवले तर इंधन फुकटात पडते, हे ध्यानात आले. वाफेच्या इंजिनाचा सांगाडा, क्रँक आणि फ्लायव्हील तसेच ठेवून फक्त गॅसवर चालणारा नवा सिलिंडर बसवलेली संकरित इंजिने तिथे सर्रास वापरात आली. ऑइल सिटी गावच्या जोसेफ रीडच्या आणि ग्रोव्ह सिटीच्या बेसेमर कंपनीच्या इंजिनांत दर फेरीला स्फोट होई. एका इंजिनावरून लांबच लांब सळयांच्या ओढीने अनेक विहिरींचे पंप एकाच वेळी हलत. १९८५ साली सुरू झालेल्या कूलस्प्रिंग पॉवर म्युझियममध्ये अशी इंजिने आजही चालती पाहायला मिळतात.

इंग्लंडमध्ये समरसेट परगण्यातल्या योव्हिलच्या पेटर कंपनीने १९२० च्या दशकात ‘एम’ जातीची टू-स्ट्रोक इंजिने काढली. पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की रॉकेलवर घ्यायचे, अशी त्यांची रीत. सिलिंडरभोवती पाण्याची उघडी टाकी असे. याच पेटरच्या विमान विभागातून पुढे वेस्टलँड ही विमाने आणि हेलिकॉप्टरे बनवणारी कंपनी उभी राहिली.

विकत घेण्याआधी

अनुभवी संग्राहक इंजिन चालते का हे सर्वांत शेवटी विचारतो. आधी पाहतो ते पूर्ण आहे का. ठिणगीची वीज तयार करणारा मॅग्नेटो, कार्ब्युरेटर, इंधनाची टाकी आणि नाव-क्रमांकाची पट्टी हे भाग हरवलेले असतील तर त्यांचा शोध वर्षानुवर्षे पुरतो. अडकलेला पिस्टन मात्र सुटतो. गायब झालेल्या कार्ब्युरेटरपेक्षा जाम झालेला पिस्टन परवडला.

दुसरी तपासणी तड्यांची. पाणी गोठल्यावर सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. थंड देशांत हिवाळ्याआधी टाकी रिकामी करायची कोणी विसरले की बिडाचे ओतीव फाटते, म्हणून पेटर घेणारा पाण्याच्या कप्प्याच्या भिंती बोटांनी चाचपतो. बिडाला घाईने वेल्डिंग केले तर शेजारी नवा तडा जातो. एकतर संपूर्ण ओतीव हळूहळू तापवून वेल्डिंग करावे आणि तितकेच हळूहळू थंड होऊ द्यावे, नाहीतर तड्याच्या रेषेवर एकमेकांत गुंतणारे धातूचे खिळे बसवून तो न तापवता शिवून घ्यावा.

तिसरी गोष्ट आट्यांची. ब्रिटिश इंजिनांना व्हिटवर्थ आटे असतात आणि त्यांच्या पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. मिलिमीटरचा जवळपासचा पाना लावला की नटाचे कोपरे झिजतात आणि शंभर वर्षे टिकलेला नट एका दुपारी वाया जातो. आपल्याकडचे जुने टर्नर अजूनही सुतात माप सांगतात, त्यांना हा हिशेब शिकवावा लागत नाही.

अडकलेला पिस्टन आणि गंज

खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत. प्रत्येक बोल्ट कोणत्या भोकातला याची चिठ्ठी लावून तो वेगळ्या पिशवीत ठेवावा. मग पिस्टन. टू-स्ट्रोकची एक सोय अशी की भोकांतून आत डोकावता येते, रिंगा दिसतात आणि तेल थेट त्यांच्यापर्यंत पोहोचवता येते. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल समप्रमाणात मिसळून ओतणे हा संग्राहकांचा आवडता उपाय आहे. हे मिश्रण चटकन पेट घेते, तेव्हा त्याच्या जवळपास विस्तव नको. दिवसाआड तेल द्यावे, सिलिंडर बाहेरून मंद तापवावा, फ्लायव्हील हलकेच दोन्ही दिशांना ढकलून पाहावे. घण घातला तर पिस्टनचा माथा फुटतो किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लगच्या भोकातून ग्रीस दाबून पिस्टन ढकलण्याची फोर-स्ट्रोकची युक्ती इथे भोके बंद केल्याशिवाय चालत नाही, कारण ग्रीस त्यांतूनच बाहेर येते.

सुट्या लोखंडी भागांचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून उतरवता येतो. चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार भागाला आणि धन तार साध्या लोखंडाच्या पत्र्याला. इथे तीन पथ्ये आहेत. पत्रा स्टेनलेस स्टीलचा नको, त्यातून विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात. ॲल्युमिनियमचा भाग त्या पाण्यात घालायचा नाही, सोडा त्याला खातो. आणि काम उघड्यावर करायचे, कारण त्यातून हायड्रोजन वायू निघतो. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासकाम टाळून ओल्याने आणि मास्क लावूनच काम करावे.

गळती कुठे आहे?

सिलिंडर झिजलेला असेल तर रिबोअर करून नव्या रिंगा घालाव्या लागतात. इथे टू-स्ट्रोकची दोन खास कामे विसरून चालत नाही. पिस्टनच्या खाचेत बारीक खुंटी असते, ती रिंगेची फट भोकांपासून दूर धरते. खुंटी नसली तर रिंग फिरते, तिचे टोक भोकात अडकते आणि मोडते. दुसरे, रिबोअर केल्यावर भोकांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या कानशीने हलक्या गोल केल्या नाहीत तर नव्या रिंगा पहिल्याच तासात खरवडून निघतात.

मग बुश. गनमेटलचा नवा बुश लेथवर काढणे अवघड काम नाही, पण क्रँकचा दांडाही झिजून लंबगोल झालेला असतो, तो तपासल्याविना बुश घालून उपयोग नाही. सर्व जोडून झाल्यावर परीक्षा घ्यायची. कार्ब्युरेटर आणि धुराची तोंडे रबराने बंद करायची, पेटीत अगदी थोड्या दाबाने हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो तसेच हे. पॅकिंगच्या कडेला, बिडातल्या सूक्ष्म छिद्रात, टाकीच्या नळीच्या सांध्यात बुडबुडा दिसला की दोष कळतो. जुन्या बुशातून किंचित हवा झिरपणारच, घट्ट ग्रीसने ती रोखली जाते.

ठिणगी आणि पहिली फेरी

मेटॅगसारख्या इंजिनात मॅग्नेटो फ्लायव्हीलमध्येच दडलेला असतो. फ्लायव्हील निमुळत्या दांड्यावर पाचरीने घट्ट बसवलेले असते. ते पुलर लावून काढावे, हातोडा मारू नये. आत लोहचुंबक, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर. चुंबक वर्षानुवर्षांत मंदावतो, तो पुन्हा भारता येतो. कॉइलचे जुने वेष्टन ओल धरते आणि कंडेन्सर निकामी होतो. बरेचदा बारीक कानशीने पॉइंट साफ करून कंडेन्सर बदलला की लख्ख निळी ठिणगी मिळते.

इंधनाकडे आज जास्त लक्ष द्यावे लागते. आता बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते आणि बुचाच्या फ्लोटवर पूर्वी लावलेली लाख विरघळवते. त्यामुळे काम झाले की टाकी आणि कार्ब्युरेटर कोरडे करून ठेवावेत. पेट्रोलमधले तेल फक्त पिस्टनसाठी नसते, क्रँकचे बेअरिंगही त्यावरच जगते. जुन्या बुशांना आधुनिक स्कूटरपेक्षा जास्त तेल लागते, म्हणून प्रमाण त्या इंजिनाच्या मूळ पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे.

हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. उलट झटका आला तर हँडल हातातून सुटून जाते, मनगट मोडत नाही. इंजिन उघड्यावरच चालवायचे, कारण धुरात जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड असतो. सुरू झाल्यावर ते एका फेरीआड पेटताना ऐकू आले तर घाबरू नये. बिनओझ्याचे टू-स्ट्रोक असे करते, कारण सिलिंडरमधला जळका वायू पुरता निघून गेलेला नसतो. ओझे लावले की लय जुळते.

किती नवे करायचे?

इंजिन चालू झाले की रंगाचा मोह होतो. पूर्वी सगळे खरवडून चकचकीत रंग देण्याची चाल होती. आता अनेक जाणते संग्राहक मूळ रंग, अक्षरे आणि झीज तशीच राखतात. गंज थांबवतात, तेलाचा हात देतात आणि हात आवरतात. हे मला पटते. मूळ रंग एकदाच असतो. किकचा पेडल कुठे झिजला यावरून इंजिनाचा वापर कळतो, आणि मुलांनी पाडलेली भोके हाही त्याच्या चरित्राचा भाग आहे. हवा-तेल धरून ठेवणारे भाग नवे करावेत, कारण त्याशिवाय इंजिन चालणार नाही. जे केवळ डोळ्यांना जुने दिसते त्याला हात लावू नये. काय बदलले, कोणत्या मापाचे केले, याची नोंदवही इंजिनासोबत ठेवावी, म्हणजे पुढच्या माणसाला अंदाज बांधत बसावे लागणार नाही.

आपल्याकडे जागेवरच्या इंजिनांचा इतिहास मुख्यतः फोर-स्ट्रोकचा आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवायला सुरुवात केली, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत या इंजिनांनी जन्म काढला. विजेचे पंप आले आणि ती भंगारात जाऊ लागली. अमेरिकेतही मेटॅगचे हेच झाले होते. तिथल्या लोकांनी काही इंजिने वेळेवर उचलली एवढाच फरक.

इंजिनाची माहिती आराखड्यात आणि पुस्तिकेत सापडते. किती घट्ट म्हणजे पुरेसे घट्ट, कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता धोक्याचा, हे मात्र ते चालवणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून चालू असलेले इंजिन हे काचेमागच्या इंजिनापेक्षा जास्त सांगते. गावातल्या विहिरीवर असे एखादे पडून असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी पट्टीवरचा क्रमांक लिहून घ्यावा, चारी बाजूंनी फोटो काढावेत, आणि ते सांभाळणारा मिस्त्री हयात असेल तर त्याला शेजारी बसवून विचारावे की हे सुरू कसे करायचे. पिस्टन पुन्हा सोडवता येतो, बुश पुन्हा काढता येतो. मिस्त्रीच्या हातातले ज्ञान नोंदवायला मात्र तो असेपर्यंतच वेळ आहे.